गोंगाटाची कैफियत

गेल्या हिवाळ्यात आमच्या नगरच्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी संगीत आणि संस्कार या विषयावर सुमारे दीड तास भाषण केले. वक्ते व्यासंगी आहेत, त्यांची वाणी प्रासादिक आहे, आणि किराणा घराण्याविषयी त्यांनी जे सांगितले त्यातील बराचसा भाग मला नवा होता. हे आरंभीच कबूल करतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांच्या विद्वत्तेविरुद्ध नसून त्या विद्वत्तेच्या जोरावर त्यांनी जो एक निवाडा दिला त्याविरुद्ध आहे. भाषणाच्या अखेरीस त्यांनी पाश्चात्त्य रॉक संगीताचा समाचार घेतला. ते संगीतच नव्हे, निव्वळ गोंगाट आहे. तो करणारे व्यसनी आणि ऐकणारे दिशाहीन. दुःखाच्या प्रसंगी माणसास जो धीर हवा असतो तो अभंग देईल, ख्याल देईल, फार तर नाट्यगीत देईल. गोंगाट तो कधीच देणार नाही. सबब सुजाण पालकांनी तो घरातून हद्दपार करावा, असा तो निवाडा होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मी नव्हतो. पण उठून बोललोही नाही.

न बोलण्याचे कारण भिडस्तपणा हे नव्हते. हाच निवाडा, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतः २००९ साली माझ्या घरात दिला होता. आणि ज्याच्याविरुद्ध दिला तो माझा धाकटा भाऊ त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

धाकट्याचा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना होता. सात यंत्रे आणि चौदा कामगार. मोटारींना लागणारे काही सुटे भाग तो एका मोठ्या कंपनीस करून देई. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, त्या कंपनीने मागणी थांबविली, आधी दिलेल्या मालाचे पैसे अडकले, आणि पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यास कुलूप लागले. कर्ज बँकेचे होते तसे सासुरवाडीचेही होते. यांपैकी दुसरे अधिक बोचते हे गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नको. कामगारांची देणी त्याने भावजयीचे दागिने मोडून चुकती केली आणि तो सावेडीच्या आमच्या घराच्या माडीवर जाऊन बसला. बसला तो आठ महिने जेवणाखेरीज क्वचितच खाली उतरला.

माडीवर वडिलांच्या वेळचा एच. एम. व्ही. कंपनीचा फिएस्टा नावाचा छोटा रेकॉर्डप्लेअर होता. त्याच्या शेजारी वडिलांनी जिवापाड जपलेल्या तबकड्या होत्या: बालगंधर्व, हिराबाई, भीमसेन. धाकट्याने त्यांना हात लावला नाही. त्याची स्वतःची एकच तबकडी होती. तीही विकत घेतलेली नव्हती. दौंडच्या रस्त्यावर अरणगावाजवळ मेहेरबाबांचे जे स्थान आहे तेथे वारंवार येणाऱ्या एका वृद्ध परदेशी गृहस्थाचा पाण्याचा पंप त्याने एकदा दुरुस्त करून दिला होता आणि मजुरी घेतली नव्हती. तेव्हा त्या गृहस्थाने ती तबकडी त्याच्या हाती ठेविली. 'द हू' या इंग्रज चमूची १९७१ सालची 'हूज नेक्स्ट' नावाची ती तबकडी. ती तो दिवसातून चार-पाच वेळा लावी, आणि रात्री आवाज लहान करून पुन्हा लावी.

घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आई कानांवर हात ठेवून देवघरात बसे. शेजाऱ्यांनी एकदा सभ्यपणे व एकदा असभ्यपणे विचारणा केली. वडीलकीचा मान माझा, आणि शिवाय मी इंग्रजीचा प्राध्यापक. अर्थात पश्चिमेकडील जे जे काही घरात शिरेल त्याचा जाब मलाच विचारण्याचा प्रघात होता. मी पुण्याहून कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांचा सी. डी.चा एक सुंदर संच आणला, माडीवर गेलो आणि सुमारे अर्धा तास बोललो. मन सैरभैर झाले असता हा धांगडधिंगा कानी घालणे म्हणजे ताप चढलेल्या माणसाने उन्हात जाऊन बसणे होय, असा एक दृष्टान्तही दिल्याचे मला स्मरते. धाकट्याने सर्व ऐकून घेतले. "ठेव इथे, दादा," एवढेच तो म्हणाला. मी जिन्याच्या अर्ध्यावर पोहोचतो तोच वर पुन्हा ती तबकडी सुरू झाली. मला त्या वेळी त्याचा विलक्षण राग आला. त्याला होणाऱ्या दुःखाहून माझ्या उपदेशाची झालेली उपेक्षा मला अधिक लागली, हे कबूल करावयास मला बरीच वर्षे लागली.

पुढे तो सावरला. २०१० च्या पावसाळ्यात त्याने दुसऱ्याच्या शेडमध्ये दोन यंत्रे भाड्याने घेतली आणि हळूहळू देणी फेडली. तबकडीने कर्ज फेडले असे मी म्हणत नाही. कर्ज त्याने फेडले. आणि भावजयीने शिकवण्या करून जो संसार रेटला त्याचे मोल कोणत्याही संगीताहून अधिक आहे. परंतु त्या आठ महिन्यांत तो गच्चीवर न जाता माडीवरच का थांबला, या प्रश्नाला तो स्वतः त्या तबकडीखेरीज दुसरे उत्तर देत नाही. मी खोदून विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाकी सगळे मला काहीतरी सांगत होते, दादा. ही रेकॉर्ड काही सांगत नव्हती." गाण्यातले निम्मे इंग्रजी शब्द त्यास कळतही नव्हते. आणि मग त्याने जे सांगितले त्याने मी थक्क झालो. त्या तबकडीवरील पहिल्या गाण्याच्या आरंभी सुमारे मिनिटभर कोणी गात नाही. एका विद्युत् ऑर्गनचे स्वर आपापसांत फिरत राहतात. तेच तेच, आणि तरी प्रत्येक फेऱ्यात थोडे निराळे. "सगळी यंत्रे नीट लागली आणि काम लयीत चालू झालं, की शेडमध्ये असाच आवाज असतो. कुलूप लावल्यावर मला झोप येत नव्हती ती त्या शांततेनं."

आता आमच्या वक्त्यांस मी विचारतो: हे औषध कोणत्या शास्त्रकाराने लिहून दिले असते? बंद पडलेल्या सात यंत्रांची घरघर ज्याच्या कानांतून गेली नव्हती, आणि ती नाहीशी झाल्यामुळे ज्याचा जीव कासावीस झाला होता, त्याने ती घरघर एका इंग्रज तबकडीत शोधून काढली. मी नेलेल्या भजनांचा मोठेपणा निर्विवाद आहे. पण ती त्यास त्या घटकेस पुन्हा एक उपदेशच वाटली असती, आणि उपदेशाचे तर त्याच्याकडे त्या वर्षी कोठार भरले होते. सांत्वन कशातून मिळावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे दुःख त्याचा आहे, हे साधे तत्त्व आम्ही सुशिक्षित लोक इतर बाबतींत मान्य करतो. संगीताचा प्रश्न आला की मात्र आमच्यातला पंतोजी छडी घेऊन उभा राहतो.

गोंगाट हा जो शब्द वक्त्यांनी योजला त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियम वर्ज्य ठरविला आणि तो बहिष्कार १९७१ पर्यंत टिकला. त्या काळात आमच्या कीर्तनांतून, नाट्यगृहांतून आणि मैफलींतून पेटी वाजतच होती व ऐकणारे डोलतच होते. फक्त सरकारदरबारी ती बेसूर ठरली होती. याहून बोधप्रद प्रकरण डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचे. हे आपल्याच मराठी समाजातले मोठे व्यासंगी गृहस्थ १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रात नभोवाणीचे मंत्री होते. अभिजात संगीतावरील त्यांचे उपकार कोणी विसरू नयेत; शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच अमदानीत, १९५२ साली, सुरू झाला. परंतु जनतेची अभिरुची सुधारावी म्हणून त्यांनी चित्रपटगीते नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. जनता सुधारली नाही. तिने काटा फिरविला आणि ती रेडिओ सिलोन ऐकू लागली. अखेर १९५७ साली सरकारास विविध भारती काढणे भाग पडले. गंमत अशी की, ज्या काळातील चित्रपटगीते केसकरांस हीन वाटली त्याच काळातील दोन गीते आमच्या वक्त्यांनी त्या संध्याकाळी सात्त्विक संगीताचा नमुना म्हणून गुणगुणून दाखविली. आजचा गोंगाट नातवांच्या काळी सात्त्विक ठरण्यास साधारणतः पन्नास वर्षे लागतात असे दिसते. आणि 'हूज नेक्स्ट'ला ती केव्हाच होऊन गेली.

दुसरा आक्षेप परकीयतेचा. येथे मात्र आमच्या नगरकरांची मला थोडी कीव येते. ज्या गाण्याच्या आरंभाविषयी मी वर लिहिले त्याचे नाव 'बाबा ओ'रायली'. यातला 'बाबा' कोण, हे ज्या गावापासून आठ-दहा किलोमीटरांवर त्या बाबांची समाधी आहे त्या गावच्या व्याख्यानमालेत कोणासही ठाऊक असू नये, ही नवलाची गोष्ट आहे. ते मेहेरबाबा. १८९४ साली पुण्यास एका इराणी कुटुंबात जन्मलेला हा पुरुष १९२३ च्या सुमारास अरणगावाजवळच्या त्या माळावर आला. १० जुलै १९२५ पासून त्याने मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. मी त्यांचा अनुयायी नाही आणि त्यांच्या पंथाविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या गाण्याच्या कर्त्याविषयी. पीट टाउनशेंड हा 'द हू'चा प्रमुख गीतकार. १९६७ च्या पुढे तो बाबांच्या शिकवणुकीकडे ओढला गेला आणि तिच्या प्रभावाने त्याने त्या वेळच्या तरुणांत बोकाळलेली भ्रामक औषधे सोडली. दोघांची भेट कधीच झाली नाही. आंधळ्या, बहिऱ्या आणि मुक्या मुलाची कथा सांगणारी 'टॉमी' ही त्याची जोडतबकडी लंडनात मुद्रित होत असतानाच इकडे बाबांचे देहावसान झाले. ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि तिच्या वेष्टनावर बाबांचे नाव आहे. १९७२ साली टाउनशेंड समाधीच्या दर्शनास अरणगावी येऊन गेला.

आणि नावातला 'रायली'? तो टेरी रायली नावाचा अमेरिकन संगीतकार. एकाच लहान स्वराकृतीची आवर्तने करीत रचना उभारण्याची त्याची रीत टाउनशेंडने उचलली. हा रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. म्हणजे शुद्ध किराणा! रायलीची ती रीत या शिष्यत्वाच्या आधीची आहे, तेव्हा किराण्याने रॉक संगीत घडविले असा पोकळ अभिमान मी सांगणार नाही. पण ज्या गाण्याच्या नावातली एक वाट अरणगावच्या माळावर आणि दुसरी वक्त्यांच्या लाडक्या घराण्याच्या दारात जाते, त्याला परके म्हणून हाकलण्यापूर्वी निदान त्याचे नाव तरी नीट वाचावे, एवढी अपेक्षा व्यासंगी माणसाकडून गैर ठरू नये.

त्या गाण्याची जन्मकथाही प्रस्तुत वादास लागू आहे. टाउनशेंडने 'लाइफहाउस' नावाची एक अचाट योजना मांडली होती. एकेका माणसाचे तपशील यंत्रात घालावेत आणि त्यातून ज्याचे त्याचे निराळे संगीत काढावे, हा तिचा गाभा. सोबत्यांस ती उमगली नाही, योजना कोसळली, आणि स्वतः टाउनशेंडचा मानसिक तोल जाण्याची वेळ आली. त्या मोडलेल्या योजनेचे जे तुकडे हाती राहिले त्यांतूनच मुख्यत्वे 'हूज नेक्स्ट' तयार झाली. ज्याचा कारखाना बंद पडला त्या माझ्या भावास ही हकीकत मुळीच ठाऊक नव्हती. मी ती त्यास पुष्कळ वर्षांनी सांगितली. "असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा आपल्या हातातील कामाकडे वळला. प्राध्यापकांस ज्या योगायोगांचे अप्रूप वाटते त्यांचे इतरांस वाटतेच असे नाही.

व्यसनांचा मुद्दा खरा आहे आणि मी तो झाकीत नाही. याच चमूचा पडघमवादक कीथ मून १९७८ साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मेला, तो मद्य सुटावे म्हणून दिलेल्या गोळ्या अतोनात घेऊन. खुद्द टाउनशेंड पुढे दारूत आणि त्याहून वाईट गोष्टींत काही वर्षे बुडाला व मग बाहेर आला. पण गवयाचे चरित्र तपासून गाणे ऐकावयाचे म्हटल्यास आमच्या रंगभूमीचा इतिहास वाचलेल्या गृहस्थाने हा मुद्दा न काढलेला बरा. त्या वाटेने गेल्यास वडिलांच्या किती तबकड्या शिल्लक राहतील याविषयी मी साशंक आहे.

आता अभंगाचा मुद्दा. वक्त्यांचे म्हणणे असे की, दुःखात मन आपोआप पवित्राकडे वळते. मला याच गावातील दोन उदाहरणे याच्या उलट दिसतात. आमच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टापासून १९४५ पर्यंत मौलाना आझाद बंदिवान होते. तेथे असतानाच १९४३ च्या एप्रिलात कलकत्त्यास त्यांच्या पत्नी वारल्या. अखेरची भेट झाली नाही. कुराणाचा हा भाष्यकार, पीराचा पुत्र. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याने किल्ल्यातून जे दीर्घ पत्र लिहिले (ते पुढे 'गुबार-ए-खातिर' या ग्रंथात आले) त्याचा विषय कोणता? संगीत, आणि त्यात तरुणपणी घराण्याच्या रीतीविरुद्ध शिकलेली सतार, आणि चांदण्या रात्री ताजमहालाशी जाऊन ती वाजविल्याच्या आठवणी. पत्नीवियोगाचा आणि त्या पत्राचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही. एवढेच पाहतो की, ज्याच्यापाशी धर्मवचनांचा सागर होता त्याच्याही मनाला त्या कोठडीत सतारीची एक तार हवी होती.

दुसरे उदाहरण पुन्हा मेहेरबाबांचे. आपल्या समाधीच्या वेळी कोणते संगीत असावे हे त्यांनी सांगून ठेविले होते. कव्वाली त्यांस प्रिय होती. तरी त्यांनी सांगितले ते 'बिगिन द बिगीन', कोल पोर्टर या अमेरिकन रचनाकाराचे १९३५ सालचे नाटकातले प्रेमगीत, नाचघरांतून गाजलेले. १९६९ साली अरणगावच्या टेकडीवर ती तबकडी वाजविण्यात आली. आमचे वक्ते तेथे असते तर त्यांनी ती बंद करावयास लावली असती काय? आणि कोणाच्या अधिकाराने?

तबकडी या वस्तूचा मोठेपणा आम्हांस पुरता कळलेला नाही असे मला वाटते. पूर्वी दुःखाच्या घटकेस हवे ते गाणे, हवे तितक्या वेळा ऐकणे फक्त संस्थानिकांस शक्य होते. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचा आवाज मेणात उतरला आणि पुढच्या दोन पिढ्यांत ते सुख कारकुनाच्या खोलीत आले. गदगच्या दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी ऐकून अकरा वर्षांचा भीमसेन घर सोडून निघाला, ही कथा महाराष्ट्रास पाठ आहे. तीही एका तबकडीचीच करणी. मैफलीत गवयाची मर्जी असते, शेजाऱ्याची दाद असते, आपण कसे दिसतो याचे भान असते. रात्री दोन वाजता माडीवर सुई टेकविणाऱ्या माणसाकडे कोणी पाहत नसते. तेच गाणे शंभराव्या वेळी लावले तरी ते कंटाळून "आता पुरे" म्हणत नाही. माझ्या भावाच्या नातलगांत, माझ्यासकट, एवढी सहनशक्ती एकातही नव्हती.

कोणी विचारील, मग तुम्हांस आता ते संगीत आवडू लागले काय? तर नाही. आरंभीचे ते मिनिट मला मोहक वाटते. शेवटी एक व्हायोलिन बेफाम धावत सुटते तेही ऐकवते. मधला बराच भाग मला आजही कर्कश वाटतो, आणि तबकडीची दुसरी बाजू मी सलग ऐकू शकलेलो नाही. माझ्या कानांस जे कर्कश तेच दुसऱ्याच्या जिवास आधार होऊ शकते, एवढे मान्य करण्यासाठी कान बदलावे लागत नाहीत.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी धाकट्यास वाचून दाखविला. दागिन्यांची गोष्ट काढून टाक असे तो म्हणाला. ती राहू दे असे भावजय म्हणाली. म्हणून ती राहिली आहे. मग तो आत गेला आणि एक पुडके घेऊन आला. २००९ साली मी माडीवर नेऊन ठेविलेल्या निर्गुणी भजनांच्या संचाचे ते रिकामे खोके होते. तो संच सात वर्षे त्याच्या कपाटात वेष्टनही न फोडता पडला होता. २०१६ साली आई गेली, त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री त्याने तो आणून माझ्या टेबलावर ठेविला आणि काही न बोलता दार ओढून घेतले. ती भजने मी त्या वर्षी किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही. माझी खोली त्याच्या खोलीस लागून आहे; आवाज त्यास ऐकू जात असणारच. त्याने एकदाही भिंत वाजविली नाही.